डिप्रेशनची एक गोळी सुरू असताना डॉक्टर दुसरी गोळी का देतात?

डिप्रेशनवरची गोळी सुरू होऊन दोन महिने झालेत. रडू येणं कमी झालंय, ऑफिसला जाणं सुरू झालंय. पण सकाळी अंथरुणातून उठणं अजूनही डोंगर चढण्यासारखं वाटतं. कशात मन लागत नाही. फॉलोअपला गेल्यावर डॉक्टर ऐकून घेतात आणि चिठ्ठीवर आणखी एक गोळी लिहून देतात.

मेडिकलमधून गोळी घेतली जाते. मग वाशी स्टेशनवर लोकलची वाट बघताना तिचं नाव गूगलवर टाकलं जातं. पहिल्याच ओळीत दिसतं, ‘स्किझोफ्रेनियावरील औषध’.

इथून डोक्यात चक्र सुरू होतं. डॉक्टरांनी आपल्यापासून काही लपवलं का? आपला आजार वाढलाय का? आता आयुष्यभर गोळ्याच खायच्या का? घरचेही म्हणतात, “एका गोळीचं ठीक होतं, आता दोन-दोन कशाला?” आणि मग नवी गोळी सुरूच होत नाही, किंवा जुनीही बंद होते.

डिप्रेशनच्या उपचारातली ही दुसरी गोळी नेमकी काय असते, ती कधी द्यावी लागते आणि तिच्याकडून किती अपेक्षा ठेवायची, हे सोप्या भाषेत समजून घेऊया.

एका गोळीने पूर्ण बरं न वाटणं किती कॉमन आहे?

खूप कॉमन आहे.

याबद्दलचा सगळ्यात गाजलेला अभ्यास अमेरिकेत झाला. त्याचं नाव ‘स्टार-डी’. त्यात ४ हजारांहून जास्त पेशंट होते. सगळ्यांना आधी सिटालोप्रॅम ही एकच गोळी दिली गेली. भारतात भरपूर लिहून दिली जाणारी एसिटालोप्रॅम याच गोळीची जवळची नातेवाईक. २००६ मध्ये निकाल आले, तेव्हा दिसलं की पहिल्या गोळीने पूर्ण बरे झालेले लोक साधारण तीनपैकी एकच होते.

उरलेल्यांना पुढच्या टप्प्यांत गोळी बदलून किंवा जोडीला दुसरी देऊन पाहिलं. दुसऱ्या टप्प्यात आणखी ३० टक्क्यांच्या आसपास लोक बरे झाले. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात हे प्रमाण १३-१४ टक्क्यांवर आलं. चारही टप्पे मिळून ६७ टक्के लोक बरे होतात, असं तेव्हा सांगितलं गेलं.

हा आकडा वादातही सापडला. २०२३ मध्ये काही संशोधकांनी तोच डेटा मूळ ठरलेल्या नियमांनुसार पुन्हा तपासला आणि खरा आकडा ३५ टक्क्यांच्या जवळ असल्याचं मांडलं. आकडा कुठलाही धरा, एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे. पहिल्या गोळीने पूर्ण बरं न वाटणारे लोक अपवाद नाहीत, तेच जास्त आहेत. त्यामुळे चिठ्ठीवर दुसरी गोळी आली म्हणजे ‘आपली केस हाताबाहेर गेली’ असा अर्थ होत नाही.

दुसरी गोळी देण्याआधी काय तपासायला हवं?

पहिली गोळी लागू पडली नाही असं वाटतं, तेव्हा बऱ्याचदा तिला पुरेशी संधीच मिळालेली नसते. म्हणून आधी काही गोष्टी बघाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे वेळ. अँटी-डिप्रेसंट ही डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाही. योग्य डोसवर किमान चार ते सहा आठवडे गेल्याशिवाय ती लागू पडली की नाही हे सांगता येत नाही.

दुसरी म्हणजे डोस. सुरुवात बहुतेक वेळा कमी डोसने होते. अनेक पेशंट त्याच सुरुवातीच्या डोसवर महिनोन् महिने राहतात. तसं असेल तर आधी डोस वाढवून पाहणं हा साधा मार्ग असतो.

तिसरी म्हणजे नियमितपणा. बरं वाटलं की गोळी सोडायची, उपवास असला की चुकवायची, वीकेंडला दारू घ्यायची म्हणून त्या दिवशी टाळायची, असं चालू असेल तर गोळीचा दोष नाही. पण हे डॉक्टरांना खरं सांगावं लागतं. ओरडा बसेल म्हणून ‘रोज घेतोय’ असं सांगितलं, तर डॉक्टर चुकीच्या माहितीवर दुसरी गोळी लिहून देतील.

चौथी म्हणजे शरीरातली दुसरी कारणं. थायरॉइड कमी काम करत असेल, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असेल, झोपेत घोरताना श्वास अडकत असेल, तर थकवा आणि मरगळ राहतेच. यातल्या बऱ्याच गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात. रोज दारू चालू असेल तर तीही मूड खाली ओढते.

पाचवी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. निदान बरोबर आहे ना? बायपोलर आजार असलेल्या अनेकांना सुरुवातीला फक्त डिप्रेशनच दिसतं. मध्येच काही दिवस अगदी कमी झोपूनही प्रचंड उत्साह, भरमसाट खर्च, न थांबता बोलणं असं कधी झालं होतं का? घरात कुणाला बायपोलर आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर उपचाराची दिशाच बदलते, कारण तिथे नुसत्या अँटी-डिप्रेसंटने फायदा कमी आणि त्रास जास्त होऊ शकतो.

बदलायची की जोडायची?

वरचं सगळं तपासूनही बरं वाटत नसेल, तर डॉक्टरांसमोर दोन रस्ते असतात. आहे ती गोळी बंद करून दुसरी सुरू करायची, किंवा आहे ती चालू ठेवून जोडीला दुसरं औषध द्यायचं. या जोड देण्याला वैद्यकीय भाषेत ‘ऑगमेंटेशन’ म्हणतात.

ढोबळ नियम असा. पहिल्या गोळीला अजिबात गुण आला नसेल किंवा तिचा त्रासच जास्त होत असेल, तर बदललेली बरी. पण अर्धा गुण आलाय, म्हणजे झोप सुधारली, रडू थांबलं, फक्त गाडी एका जागी अडकलीय, तर ती गोळी सोडून मिळालेला फायदा घालवण्यापेक्षा जोड देणं सोयीचं ठरतं.

हा ‘अर्धा गुण’ मोजताही येतो. त्यासाठी ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतात. गुण शून्य ते २७. दर भेटीत ती भरली, तर ‘थोडं बरं वाटतंय’ यापेक्षा जास्त नेमकं काहीतरी हातात राहतं.

पण मग स्किझोफ्रेनियाची गोळी का?

आता गूगलवाल्या प्रश्नाकडे येऊ.

जोड म्हणून सगळ्यात जास्त अभ्यास झालेली औषधं ही नव्या पिढीतली अँटीसायकोटिक्स आहेत. अरिपिप्राझोल, क्वेटियापिन ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. ही औषधं आधी स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरसाठी आली. नंतर डिप्रेशनवर चाचण्या झाल्या. अमेरिकेच्या एफडीएने २००७ मध्ये अरिपिप्राझोलला आणि २००९ मध्ये क्वेटियापिनच्या एक्सआर प्रकाराला डिप्रेशनमध्ये जोड-औषध म्हणून मान्यता दिली.

फरक डोसमध्ये आहे. अरिपिप्राझोल स्किझोफ्रेनियात रोज १० ते ३० मिलिग्रॅमपर्यंत देतात. डिप्रेशनमध्ये जोड म्हणून सुरुवात २ किंवा ५ मिलिग्रॅमपासून होते आणि कमाल मर्यादा १५. क्वेटियापिन एक्सआर स्किझोफ्रेनियात ४०० ते ८०० मिलिग्रॅम, तर डिप्रेशनमध्ये १५० ते ३०० मिलिग्रॅम.

एकच औषध वेगवेगळ्या आजारांत वापरणं यात नवीन काही नाही. अ‍ॅस्पिरिन तापावर आली, आज हार्टचे पेशंट ती कमी डोसमध्ये रोज घेतात. म्हणून त्यांना कुणी तापाचे पेशंट म्हणत नाही. औषधाचा गट आणि पेशंटचा आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जोडीला देण्याच्या यादीत आणखी काही नावं येतात.

लिथियम हे त्यातलं जुनं नाव. १९८१ मध्ये कॅनडातल्या क्लॉड द माँतिन्यी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, अँटी-डिप्रेसंटने बरं न वाटलेल्या आठ पेशंटना लिथियमची जोड दिली आणि ४८ तासांत त्यांच्यात सुधारणा दिसल्याचं मांडलं. जोड देण्याच्या कल्पनेला त्यातून मोठं बळ मिळालं. सगळ्यांना इतका झटपट गुण येत नाही, हे पुढे स्पष्ट झालं, पण लिथियम यादीत टिकून राहिलं.

थायरॉइडचं टी-३ हार्मोनही काही वेळा जोड म्हणून देतात, थायरॉइडचा आजार नसला तरी. आणि काही वेळा वेगळ्या पद्धतीने काम करणारं दुसरं अँटी-डिप्रेसंटच जोडलं जातं, उदाहरणार्थ ब्युप्रोपिऑन किंवा मिर्टाझापिन.

फायदा नक्की किती होतो?

इथे मोठी आश्वासनं देण्यात अर्थ नाही.

अमेरिकेतल्या १५२२ माजी सैनिकांवर झालेल्या अभ्यासाचे निकाल २०१७ मध्ये आले. पहिल्या औषधाने बरं न वाटलेल्या या लोकांचे तीन गट केले होते. १२ आठवड्यांनी, गोळी बदलून ब्युप्रोपिऑन दिलेल्यांपैकी २२ टक्के, ब्युप्रोपिऑनची जोड दिलेल्यांपैकी २७ टक्के आणि अरिपिप्राझोलची जोड दिलेल्यांपैकी २९ टक्के पूर्ण बरे झाले होते. फायदा आहे, पण तो जादूसारखा नाही.

प्रत्येक जोड चालतेच असंही नाही. इंग्लंडमध्ये ४८० पेशंटवर मिर्टाझापिनची जोड देऊन पाहिली. २०१८ च्या निकालात नुसत्या गोळीपेक्षा ठळक फायदा दिसला नाही, साइड इफेक्ट मात्र जास्त दिसले.

म्हणून दुसरी गोळी सुरू करताना पुढची तारीखही ठरायला हवी. चार ते सहा आठवड्यांनी बघायचं. फरक पडला तर चालू, नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद. अडचण तेव्हा होते, जेव्हा उपयोग नसलेली गोळी वर्षानुवर्षं चिठ्ठीवर तशीच राहते आणि वर तिसरी चढते.

साइड इफेक्ट कोणते?

अरिपिप्राझोलमुळे काहींना आतून एक विचित्र बेचैनी जाणवते. एका जागी बसवत नाही, पाय सतत हलवावेसे वाटतात. याला ‘अकॅथिसिया’ म्हणतात. अनेकांना वाटतं की आपली चिंता वाढली, आणि ते गप्प सहन करतात. डॉक्टरांना सांगितलं तर डोस कमी करून किंवा औषध बदलून यावर उपाय होतो.

क्वेटियापिनने झोप आणि सुस्ती येते. वजन, साखर आणि कोलेस्टेरॉल वाढू शकतं. घरात डायबेटिस असेल तर हे आणखी महत्त्वाचं. गोळी सुरू करण्याआधी वजन, पोटाचा घेर, बीपी, साखर आणि लिपिड प्रोफाइल नोंदवून ठेवायचं आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासायचं.

लिथियमचं रक्तातलं प्रमाण ठरावीक मर्यादेत राहावं लागतं. त्यासाठी रक्ततपासणी, सोबत किडनी आणि थायरॉइडवर लक्ष. उन्हाळ्यात घाम जाऊन शरीरातलं पाणी कमी झालं, जुलाब-उलट्या झाल्या किंवा मेडिकलमधून आयबुप्रोफेनसारखी पेनकिलर परस्पर घेतली, तर लिथियम रक्तात वाढू शकतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं, उलट्या अशी लक्षणं दिसली तर लगेच हॉस्पिटल गाठायचं.

ब्युप्रोपिऑनने फिट येण्याचा धोका थोडा वाढतो, त्यामुळे आधी फिट आली असेल तर ते सांगायलाच हवं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर तेही सांगा, पण त्यासाठी गोळी परस्पर थांबवू नका.

घरात साठीच्या पुढचं कुणी असेल तर

वयस्कर लोकांवरचा एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. ६० वर्षांपुढच्या, आधीच्या औषधांनी बरं न वाटलेल्या पेशंटमध्ये अरिपिप्राझोलच्या जोडीने २९ टक्के आणि ब्युप्रोपिऑनच्या जोडीने २८ टक्के पूर्ण बरे झाले. गोळी बदलून ब्युप्रोपिऑन दिलेल्यांत हे प्रमाण १९ टक्के होतं. पण ब्युप्रोपिऑनची जोड दिलेल्या गटात पडण्याच्या घटना सगळ्यात जास्त होत्या.

आई-बाबांच्या वयात पडणं म्हणजे खुब्याचं हाड मोडणं आणि महिनोन् महिने अंथरूण. त्यामुळे फायदा जवळपास सारखा असेल, तर धोका कमी असलेलं औषध निवडता येतं. बीपी, साखर, गुडघेदुखी अशा सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्यायची, ती याचसाठी.

जोड गोळीचीच हवी का?

नाही. आणि या बाबतीतला एक दाखला आपल्या शेजारचा आहे.

गोव्यात ‘संगत’ या संस्थेने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला. मध्यम ते तीव्र डिप्रेशन असलेल्या लोकांना, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटी दिल्या. भर साध्या गोष्टींवर होता. दिवसात छोटी-छोटी कामं पुन्हा सुरू करणं, माणसांत जाणं, अडचणी एकेक करून सोडवणं. २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये निकाल आले. तीन महिन्यांनी या गटातले ६४ टक्के लोक बरे झाले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होतं.

हे सगळेच गोळीने बरं न वाटलेले पेशंट नव्हते. पण तसा अभ्यासही ब्रिटनमध्ये झालाय. गोळी घेऊनही बरं न वाटलेल्या ४६९ लोकांपैकी निम्म्यांना गोळीच्या जोडीला सीबीटी ही थेरपी दिली. सहा महिन्यांनी थेरपी मिळालेल्यांपैकी ४६ टक्के लोकांची लक्षणं निम्म्याहून कमी झाली होती. थेरपी न मिळालेल्यांत हे प्रमाण २२ टक्के होतं.

त्यामुळे “दुसऱ्या गोळीऐवजी किंवा तिच्यासोबत थेरपी घेता येईल का?” हा प्रश्न डॉक्टरांना विचारायलाच हवा.

झोपेची गोळी म्हणजे ही जोड नव्हे

क्लोनाझेपामसारखी गोळी अँटी-डिप्रेसंटसोबत अनेकांना दिली जाते. दोन्ही एकत्र असलेल्या गोळ्याही मिळतात. सुरुवातीच्या काही आठवड्यांत चिंता आणि झोपेसाठी तिचा उपयोग होतो. पण ती डिप्रेशन बरं करत नाही, आणि जास्त काळ घेतली तर सवय लागते. तुमची दुसरी गोळी यातली असेल, तर ती किती दिवसांसाठी आहे हे विचारून घ्या. बरेच महिने घेत असाल तर एकदम बंद करू नका, ती हळूहळूच कमी करावी लागते.

दुसऱ्या गोळीनेही गुण आला नाही तर?

रस्ते तिथे संपत नाहीत. चुंबकीय लहरींनी मेंदूच्या ठरावीक भागाला चालना देणारी आरटीएमएस, एस्केटामिनचा नाकात मारायचा स्प्रे, आणि तीव्र डिप्रेशनमध्ये ईसीटी, म्हणजे ज्याला लोक ‘शॉक’ म्हणतात तो उपचार. सिनेमात दाखवतात तसा ईसीटी आता देता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल न देता ईसीटी देण्यावर बंदी घातलीय.

नवी मुंबईत कुठे जायचं?

खासगी सायकियाट्रिस्ट वाशी ते पनवेल सगळीकडे आहेत. खर्च परवडत नसेल तर नेरुळचं डी. वाय. पाटील आणि कामोठ्याचं एमजीएम या मेडिकल कॉलेजांच्या हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहेत. ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला गेलं, तर १९०१ पासून सुरू असलेलं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. तिथे ओपीडीही चालते. नुसतं दाखवायला गेलं म्हणजे भरती करून घेतात, असं नाही.

घरबसल्या बोलायचं असेल तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६. २४ तास, मोफत, मराठीतही.

इन्शुरन्सबद्दलही एक गोष्ट. याच कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांसारखंच कव्हर देणं बंधनकारक आहे. अनेक पॉलिसींत ओपीडीचा खर्च मुळातच नसतो, त्यामुळे आपली पॉलिसी वाचून घ्या. उपचारांची माहिती गुप्त ठेवली जाणं हाही कायद्याने दिलेला हक्क आहे.

डॉक्टरांना काय विचारायचं?

पुढच्या भेटीला जाताना हे प्रश्न मोबाइलमध्ये लिहून न्या.

– पहिल्या गोळीचा डोस आणि वेळ पुरेसा झालाय का?
– ही दुसरी गोळी माझ्या कोणत्या लक्षणासाठी आहे?
– फरक किती दिवसांत दिसायला हवा आणि कधी ठरवायचं?
– फायदा झाला तर किती महिने घ्यावी लागेल?
– कोणते साइड इफेक्ट दिसले तर लगेच फोन करायचा?
– कोणत्या रक्ततपासण्या, किती दिवसांनी?

चांगले डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाहीत. वेळ कमी असेल तर निदान पहिले तीन तरी विचारा.

आणि गूगलवर काही वाचून भीती वाटलीच, तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. काही अँटी-डिप्रेसंट अचानक थांबवली तर चक्कर, मळमळ, बेचैनी, डोक्यात करंट लागल्यासारखं वाटणं असा त्रास होतो, आणि सावरत आलेलं डिप्रेशन परत उसळी मारू शकतं.

जगणं नकोसं वाटत असेल किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. घरातल्या कुणाला तरी आत्ताच सांगा, जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा किंवा १४४१६ वर फोन करा.

(हा लेख माहितीसाठी आहे. कोणतंही औषध सुरू करणं, बदलणं किंवा थांबवणं हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करा.)